राखीव डब्याचं नामकरण

कळमेश्वरच्या ज्या कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळायचो, तिथे इंटरनेटच्या राखणीला दोन फायरवॉल होत्या. दिसायला अगदी सारखे दोन काळे डबे. एक काम करायचा, दुसरा नुसता बसून असायचा. पहिला पडला की दुसऱ्याने लगेच काम उचलायचं. अट एकच, दोन्हींच्या पोर्टांची, म्हणजे वायरी खोचायच्या खाचांची, नावं सारखी हवीत. मूळची नावं वाचूनच माझं डोकं फिरायचं, म्हणून मी ती बदलून 'बाहेर', 'ऑफिस', 'कॅमेरे' अशी करायचं ठरवलं. नाव बदललं की पोर्ट थोडा वेळ बंद पडतं, म्हणून सुरुवात अर्थात बसलेल्या डब्यापासून. घोळ नको म्हणून मी डब्यांवर 'चालू' आणि 'राखीव' अशा चिठ्ठ्याही चिकटवून ठेवल्या होत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी 'राखीव'वरचा झेंडूचा हार बाजूला सारला, जाळीत खोचलेली उदबत्ती उपटली, लॅपटॉप जोडला आणि नावं बदलली. सगळ्या कारखान्याचं नेट गेलं. दुसरा डबा ढिम्म. नवी नावं त्याला ठाऊकच नव्हती.

दारात मॅनेजर. "दोन-दोन घेतले, तरी बंद कसं?"

मग कळलं. आमच्या इलेक्ट्रिशियनने पूजेच्या आधी चिठ्ठ्या काढून डबे पुसले होते, हळदकुंकू लावलं होतं आणि चिठ्ठ्या इमानदारीने परत चिकटवल्या होत्या. अदलाबदल करून.

मी त्याच्यावर जाम भडकलो. तो हार सरळ करत म्हणाला, "काहून चिडून राहिले साहेब? मी तं दोन्ही डब्यायची सारखीच पूजा केली. नावं तुमीच एकाची बदलवली."