धुऱ्यावरची वहिवाट

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर हातात पेन आलं ते सहीपुरतं. हे मी कुणाला दाखवणार नाही. पण लेक कधीतरी पेटीत हात घालील आणि पहिल्याच ओळीतले ऱ्हस्व-दीर्घ काढत बसेल, म्हणून माफी मागून ठेवलेली बरी.

मी चार माणसांत एकदाच बोलले. ते का बोलले हे तोंडी सांगायला गेले तर जीभ पुन्हा अडकेल, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात आणि त्याच्या पलीकडच्या शेतकऱ्याला धुरेकरी. मी लग्न होऊन आले तेव्हा वरच्या माळापासून खालच्या ओढ्यापर्यंत धुऱ्यांची जाळी होती. प्रत्येक धुऱ्यावर बोरी, बाभळी, हिवर, तरवड. निंदायला गेलं की लेकरांची झोळी तिथल्याच बाभळीला बांधायची. तित्तर ओरडायचे, मुंगूस आडवं जायचं, कधी ससा अगदी पायातून उठायचा. खोकडही असायची. खोकड म्हणजे कोल्ह्यापेक्षा बारीक, शेपटीचा गोंडा काळा, आणि माणसाला बघून लगेच न पळता आधी विचार करणारी.

धुरा कुणी एका दिवसात मोडत नाही. तो टोकरतात. नांगरताना यंदा हातभर आत जायचं, पुढच्या साली आणखी हातभर. पलीकडचाही तेच करतो. बैलगाडी जाईल एवढा धुरा पाऊलभर उरतो, मग नुसते दगड उरतात, आणि शेवटी दगडही कुणीतरी विहिरीच्या बांधकामाला नेतो. त्यात हळद आली. हळद शिजवायला जळण लागतं, आणि ते धुऱ्यावर उभंच होतं. ट्रॅक्टर आला, त्याला वळायला जागा पाहिजे. अर्धा माळसुद्धा नांगराखाली गेला. माळावरच्या जनावराला ओढ्यावर पाण्याला यायचं तर उघड्या रानातून, कुत्र्यांच्या डोळ्यांदेखत यावं लागायचं.

एक आमचा धुरा तेवढा राहिला, आणि तो भांडणामुळे राहिला.

आमच्या धुरेकऱ्याला सगळं गाव मामा म्हणतं, मीही मामाच म्हणते. त्यांची गाडीवाट आमच्या शेताच्या कडेनं जायची. माझ्या सासऱ्यांनी एका साली तिथं आडवी नाली खोदली. मामा तहसीलला गेले. साहेब गावात आले, म्हाताऱ्यांना विचारलं, ही वाट कधीपासूनची. म्हातारे म्हणाले, आमच्या बापाच्या वेळची. साहेबांनी सांगितलं, ही वहिवाट आहे, मोडता येणार नाही. सासऱ्यांना नाली बुजवावी लागली. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. मधल्या धुऱ्याची फांदीसुद्धा कुणी तोडेना. तोडली तर दुसरा म्हणायचा, माझी तोडली. तो धुरा असा माजला की आत शिरायचं तर वाकून शिरावं लागे.

तिथली खोकड मला दिसली ती माझ्या लाजरेपणामुळे. आखाडा बाळापूरच्या बाजारातून बसनं परतायचं, आणि आमचा थांबा आला की कंडक्टरला हाक मारायची. माझ्या तोंडून हाक निघत नाही. दुसरं कुणी उतरणारं असलं तर उतरते, नाहीतर पुढच्या थांब्याला उतरून माळावरून चालत येते. त्या दिवशी दिवस मावळायला आला होता. माझ्यापुढे थोड्या अंतरावर खोकड चालली होती. ती उघड्यावर आली नाही. माळाच्या टोकाला आमचा धुरा लागतो तिथून आत शिरली आणि खाली ओढ्याच्या अंगाला निघाली. नंतर मी मुद्दामही थांबा चुकवायला लागले. ती नेहमी तीच वाट धरायची. तिला दुसरी वाट राहिलीच नव्हती.

मग सासरे गेले. मामा खांदा द्यायला आले, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरं बोलायला लागली. मला बरं वाटलं. आता बाजारातून येताना मामांच्या बैलगाडीत बसता येईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. समेटाचं पुढं काय होईल ते कळलं नाही.

चैत्रात मामा आमच्या ओसरीवर येऊन बसले. माझ्या मालकांना म्हणाले, "पोरा, ह्या जंगलाचं काय करायचं? सापकिरडू हाय, डुकरं लपून राहिलीत. दोघं मिळून काढून टाकू. तुला पिकाच्या दोन ओळी वाढतील, मला दोन."

"बराबर हाय, मामा."

"लाकूड निम्मं निम्मं. पुढच्या साली माझी हळद शिजंल त्याच्यावर. जेसीबीवाल्याला मी इसार देऊन आलो."

मी चहा ठेवला आणि आत आले. त्याच आठवड्यात मी धुऱ्यात पिल्लं पाहिली होती. बोरीच्या मुळाशी बिळाला तीन-चार तोंडं, आणि एका तोंडातून मातीच्या रंगाचं एक बारकं तोंड बाहेर बघत होतं.

जेवताना मी मालकांना म्हणाले, "धुरा न्हाई काढला तर चालत न्हाई का?"

"काहून?"

"खोकडीची पिल्लं हायत."

मालक वसमतला हळदीच्या अडतीवर हमाली करतात. दिवसभर पोती उचलून आलेलं माणूस पिल्लांसाठी किती जागं राहणार. पण त्यांनी घास खाली ठेवला. "मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू? आत्ता कुठं बोलणं सुरू झालं. पुन्हा भांडू का? तूच सांग जाऊन मामाला." आणि हसले. "कंडक्टरला थांबा सांगता येत न्हाई तुला."

ते चेष्टेनं म्हणाले. मी रात्रभर तेच घोकत राहिले.

दुसऱ्या दिवशी मामांच्या खळ्यावर हळद शिजत होती. वाफेनं समोरचं माणूस दिसत नव्हतं. चार-पाच बाया शिजलेली हळद पसरत होत्या, दोघं गडी जाळ घालत होते. मी जाऊन उभी राहिले.

मामा म्हणाले, "काय सूनबाई, चाळणी पाहिजे?"

"न्हाई."

"मग टोपलं?"

"न्हाई."

बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "मामा, बसा आता सगळ्या भांड्यांची नावं घेत."

मी म्हणाले, "मामा, धुरा राहू द्या."

"काहून?"

"खोकड हाय तिथं. माळावरून ओढ्याला त्याच वाटेनं जाती."

"मग दुसरीकडून जाईल. तिला काय चारचाकी हाकायची हाय?"

"दुसरीकडून राहिलं न्हाई काही. सगळे धुरे मोडले." इथपर्यंत मी ठरवून आले होते. पुढचं कुठून आलं ते मला अजून माहीत नाही. "किती पिढ्या त्याच वाटेनं गेल्या आसतील. तिची बी वहिवाटच हाय की, मामा."

जाळ घालणारा गडी म्हणाला, "घ्या. आता खोकड तहसीलला अर्ज देती मामाच्या नावानं."

"देऊ दे की," मामा म्हणाले. "पण साक्षीदार कोण?"

"मी हाय," मी म्हणाले. मग माझं मलाच ऐकू आलं आणि मी तिथून निघाले. घरी आल्यावर कळलं की एका पायात चप्पल नाही. हळदीच्या चिखलात रुतून राहिली होती.

सकाळी तांबडं फुटताना मामा चप्पल घेऊन दारात. मालक दात घासत होते, ते तसेच उभे राहिले. त्यांना कालचं काही माहीत नव्हतं.

"ही तुझ्या बायकोची. साक्षीला आली अन् चप्पल ठेवून गेली," मामा म्हणाले. "चल सूनबाई, दाखव तुझा अर्जदार कुठं हाय ते."

आम्ही तिघं जाऊन धुऱ्याजवळच्या लिंबाखाली बसलो. मामांनी बिडी काढली, तिला वास जाईल म्हणून मी नको अशी मान हलवली, त्यांनी ती कानावर ठेवली. बराच वेळ काही नाही. मालकांना अडतीवर जायचं होतं, ते चुळबुळ करत होते. मला वाटलं, आज नेमकी यायची नाही आणि गावभर माझी चेष्टा होईल. मग धुऱ्यातली तरवडं हलली. खोकड आली, तोंडात उंदीर. ती थांबली, आमच्याकडे बघून विचार केला, आणि बोरीखाली गेली. पिल्लं बाहेर पडली आणि उंदराची ओढाओढ सुरू झाली. एक पिल्लू उलटंपालटं होऊन पुन्हा बिळात पडलं.

मामा हळूच म्हणाले, "उंदीर माझ्याच रानातला आसल."

"तुमच्याच बाजूनं आली," मालक म्हणाले.

"वरच्या शेतातल्या पोरानं धुरा मोडला अन् त्याचा निम्मा हरभरा उंदरानं नेला यंदा." मामांनी कानावरची बिडी काढून पुन्हा खिशात ठेवली. "तुझा बाप वर बसून हसत आसल पोरा. मला म्हणत आसल, घे वहिवाट."

उठता उठता ते थांबले. "धुरा राहू द्या. पण इसाराचं काय? जेसीबीवाला रुपया परत देत न्हाई. मी काही सावकार न्हाई."

मी म्हणाले, "मी देते."

"कुठून?"

"धुऱ्यातूनच."

हे मी मान राखायला बोलले होते. कसे देणार ते ठरलेलं नव्हतं.

पावसाळ्यात त्या धुऱ्यावर कडवंचीचे वेल येतात. बोटाच्या पेराएवढी, शिरांची, कडसर फळं. तेलमिठावर परतली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. ती कुणी पेरत नाही. नांगर फिरला की तिचा कंद जातो, म्हणून आता बाजारात कमी येते. मी ती तोडून बाळापूरच्या बाजारात नेली आणि वाटे लावून बसले. पण ओरडायचं कोण? लोक पुढून निघून जायचे. शेजारी तांड्यावरची एक बाई वांगी घेऊन बसायची. तिनं दोन बाजार पाहिलं आणि तिसऱ्या बाजाराला तिलाच राहवलं नाही.

"कडवंची घ्या, कडवंची. माळाची हाय. ही मुकी हाय, भाव माझ्याशी करा."

मी म्हणाले, "मुकी न्हाई मी."

"मग ओरड."

मी गप्प बसले. ती म्हणाली, "बघा, मुकीच हाय." आणि आमचं तसंच चालू राहिलं. कडवंचीचा एक वाटा मी तिच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवायची. थंडीत बोरं आणायला लागले. दर बाजाराला जे मिळेल त्यातलं थोडं मामांच्या हातावर ठेवायचं. एक पावसाळा गेला, थंडी गेली, दुसरा पावसाळा आला.

सगळं चांगलंच झालं असं लिहिणार नाही. माळाचा गेलेला अर्धा भाग परत आला नाही. रस्ता रुंद झाला आणि त्याच्यावर एका सकाळी मोठं झालेलं एक पिल्लू गाडीखाली मेलेलं दिसलं. मी ते बाजूला ओढून तरवडाखाली ठेवलं आणि त्या दिवशी बाजाराला गेले नाही.

पण पुढच्या चैत्रात बोरीखाली पुन्हा पिल्लं होती. आणि ज्या वरच्या पोराचा हरभरा उंदरांनी नेला होता, तो आमच्या ओसरीवर बसलेल्या मामांना विचारायला आला की तुमच्याकडं उंदीर कसे कमी. मामांनी त्याला सगळं असं सांगितलं की जणू वहिवाटीचा विचार त्यांनाच सुचला होता. मी चुलीपाशी ऐकत होते, मला हसू आवरेना. त्या पोरानं धुऱ्याच्या जागी पाच-सहा हात पट्टा नांगरायचा सोडला. त्यानं काही लावलं नाही. बोरीची खोडं जमिनीत होतीच, ती फुटली. आता ती गुडघ्याच्या वर आली आहेत. त्यांच्यात तित्तर शिरताना मी पाहिला. त्याचा पट्टा आणि आमचा धुरा यांच्यामध्ये एकच शेत उघडं आहे, आणि त्या शेताचा मालक मामांचा साडू आहे. मामा म्हणतात, त्याला मी बघतो.

यंदा संक्रांत झाल्यावर शेवटची बोरं विकली आणि बाजारातून तशीच मामांच्या घरी गेले. मामा ओसरीवर होते. मी पैसे दिले. म्हणाले, "मामा, हे शेवटचे."

त्यांनी आत हाक मारली, "अगं, फिटले सूनबाईचे."

मामी हात पुसत बाहेर आल्या. "काहून घेतले तिच्याकडून? लाज न्हाई वाटली? बोरं विकून पैसे आणून राहिलं लेकरू."

"न घेऊन काय करतो?" मामा म्हणाले. "देणं होतं म्हणून दर बाजाराला दारात येऊन दोन शब्द बोलली. सोडून दिलं आसतं तर पुन्हा मुकी झाली आसती."

"आता बी येईन," मी म्हणाले.

मामींनी हळदीकुंकू लावलं, मी दोघांच्या पाया पडले. मामांनी पैसे न मोजता खिशात घातले. पूर्ण फिटले.