जावयाचं टॅपेट कव्हर

पहिल्या दिवाळसणाला मी जावयाला एक झाकण भेट दिलं. झाकण त्यांचंच होतं.

आमचे जावई विक्रमराव मूळचे गारगोटीचे, नोकरीला मेलबर्नला. पोरगं सोन्यासारखं. खोड एकच. त्यांच्याकडं पस्तीस वर्षांची जपानी स्पोर्ट्स गाडी आहे. दोन दारं, दोन माणसं, आणि छप्पर इतकं खाली की माझ्यासारख्यानं आत शिरायचं म्हणजे आधी पोट आत घालायचं आणि मग आपण जायचं. गाडी जपानची, पण तिच्यापायी वेडी झालेली माणसं ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, विलायतेत, सगळीकडं. (एवढी जुनी गाडी आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात फक्त भंगाराच्या वजनावर जाते.) लग्नाच्या बोलण्यात मी सहज विचारलं होतं, "पावण्यांची गाडी कंच्या सालातली?" आमच्या लेकीनं, प्राजूनं, मोठ्या अभिमानानं साल सांगितलं. पुढं आठवडाभर मी स्थळ गरिबाघरचं धरून चाललो होतो.

तर लग्नानंतरची पहिली दिवाळी. जावई येताना वाट वाकडी करून जपानात दोन दिवस उतरून आले. जपानहून येणार म्हटल्यावर आमच्या मंडळींनी गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं. बॅग उघडली. वर दोन स्वेटर, खाली दोन स्वेटर, आणि मधोमध, तान्हं पोर दुपट्यात गुंडाळावं तसं, एका इंजिनाचं टॅपेट कव्हर! म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. लाल रंग विटलेला, कडेला पापुद्रे सुटलेले, कोपऱ्यात जपानी अक्षरांची एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली. जावयांनी ते दोन्ही हातांनी उचललं, सगळ्यांना दाखवलं आणि परत गुंडाळून ठेवलं.

मंडळींनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"एवढ्या लांबनं हे आणलं? दुसरं काय घावलं न्हाय व्हय?"

"तुला कळायचं न्हाय," मी म्हणालो. "सासऱ्याचं वर्कशॉप हाय. मग जावई झाकण घिऊन कोल्हापूरला कशापायी ईल? काम करून घ्यायला की! पर पोरगं लाजतंय. सासऱ्याला काम सांगायचं कसं?"

"मग एकदा इचारा त्यास्नी."

"त्यात इचारायचं काय?"

(आमच्या घरात आजवर जे जे मोडलंय, ते मी हे वाक्य बोलल्यावर मोडलंय.)

पाडव्याच्या आदल्या दिवशी जावई आणि प्राजू पन्हाळ्याला फिरायला गेले. त्यांची भाड्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली न वळली तोवर मी झाकण पिशवीत घालून उद्यमनगरात पोचलोसुद्धा. शेजारच्या शेडमध्ये आमचा गणपा बफिंग करतो. गणपानं हात लावला की भंगारातल्या नळालाही लग्नाला उभं करावं असं तेज येतं.

"गणपा, जावयाचं काम हाय. पॉलिश कसं पायजे, सांगू का?"

"सांगाय लागतंय व्हय, आण्णा? तोंड दिसलं पायजे."

तीन तास आम्ही दोघं राबलो. रंग औषध लावून सोलून काढला. कोपऱ्यातली चिठ्ठी किमतीची असणार म्हणून मी रॉकेलनं घासून काढली. (भेटवस्तूवर किंमत ठेवू नये, एवढी रीत आम्हाला कळते.) मग घासायचा कागद मारला, बफ मारला. खालचं ॲल्युमिनियम असं झळकलं की गणपानं त्यात बघून भांग पाडला.

पाडव्याला जावई पाटावर बसले. प्राजूच्या आईनं ओवाळलं, कपडे झाले, अंगठी झाली. मग मी रेशमी रुमाल घातलेलं ताट पुढं सरकवलं. जावयांनी रुमाल उचलला आणि त्यांचं तोंड उजळलं. म्हणजे झाकणाचा उजेड पडला.

"आयला, लई भारी की, मामा! ह्यो शोपीस कुठनं आणला?"

"शोपीस न्हवं. तुमचंच हाय."

"माझं बॅगेत हाय."

"बॅगेत आता नुसतं स्वेटर हायत."

जावयांनी झाकण उलटंपालटं करून बघितलं.

"रंग?"

"काढला."

"आन् चिठ्ठी?"

"रॉकेलनं."

ते पाटावरून उठायला निघाले होते, ते परत बसले. मग प्राजूनं सगळं उलगडून सांगितलं. फेब्रुवारीत मेलबर्नला असल्या गाड्यांचा मेळावा. कारखान्यातनं निघाली तशीच्या तशी जी गाडी असेल, तिला पहिला मान. ह्यांच्या गाडीचा खिळान् खिळा मूळचा, फक्त आधीच्या मालकानं हे झाकण बदललेलं. दोन वर्षं शोधून जपानातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडं मूळ रंगाचं, कारखान्याच्या चिठ्ठीसकट एक मिळालं होतं. म्हाताऱ्यानं ते तीस वर्षं जपलं होतं. मी तीन तासांत संपवलं.

मला खरोखर लई वाईट वाटलं. ताटावरचं जेवण तसंच टाकून मी झाकण घेऊन पेंटरकडं पळालो. सणाचा दिवस, माणूस पायजम्यावरच बाहेर आला.

"ह्याला लाल रंग मारायचा. पर जुना दिसला पायजे."

"किती जुना?"

"पस्तीस वर्षांचा."

"मग मारून ठिवतो. पस्तीस वर्षांनी या न्यायला."

कोल्हापुरात जुन्याचं नवं करणारा गल्लीगल्लीत आहे, नव्याचं जुनं करणारा एक नाही. एक जण म्हणाला शेणात पुरा, एक जण म्हणाला चिंच लावा. (चिंच लावली. आणखी चकाकलं.) शेवटी मागच्या दारी मी झाकणावर माती घासत बसलो असताना जावई येऊन उभे राहिले.

"मामा, ऱ्हाऊ द्या आता."

"तुमचा मान घालवला मी."

"गेला तर गेला. तुम्ही सणाच्या घाईत तीन तास हातानं घासलंय. हेच लावनार गाडीला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चिंचेचा हात डोळ्याला लागला होता, पण नुसतं त्यामुळं नव्हे.

फेब्रुवारीत मेळाव्यातनं प्राजूचा व्हिडिओ कॉल आला. मी गणपाला, शेजारच्या दोघातिघांना बोलावून फोन लेथवर उभा केला. बॉनेट उघडं, आत आमचं झाकण सूर्यासारखं तळपत होतं, आणि गाडीभोवती ही गर्दी! बाकीच्या गाड्यांकडं कुत्रं फिरकत नव्हतं. गोरी माणसं एकेक करून पुढं येत होती, जावयांचा हात दोन्ही हातांत घेत होती, खांदा थोपटत होती. एका म्हाताऱ्यानं तर हॅट काढून छातीशी धरली.

"बघितलंस का गणपा?" मी म्हणालो. "प्राजू, काय म्हणत्यात गं? पयला नंबर आला?"

प्राजू फोन घेऊन जरा बाजूला गेली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "आण्णा, नंबर न्हाय. ह्यांनी झाकणाची सगळी हकिकत सांगितली. ती लोकं दुखवट्याला आल्यात."

मीही इकडून फोनसमोर हात जोडले. शेवटच्या घटकेला मयताजवळ मीच होतो की.