पुरणपोळी आणि आमची ऑफेन्सिव्ह लाइन

मागच्या आठवड्यात होळीला लंडनजवळ स्लाऊमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये चार आडदांड इंग्रज जेवायला आले होते. आडदांड प्रेमाने म्हणतोय... पाचवा मीच.

मी ब्रॅकनेलला नोकरी करतो आणि रविवारी अमेरिकन फुटबॉल खेळतो. म्हणजे लाथेने नव्हे, हाताने बॉल फेकायचा तो. आम्ही पाच जण ऑफेन्सिव्ह लाइन... बॉल फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहायचं आणि त्याच्या अंगावर येतील त्यांना अडवायचं. टाळ्या त्याला, मुका मार आम्हाला. पुण्यात ज्या पोटावरून अख्ख्या खानदानाने टोमणे मारले, त्याला इथे चक्क टीममध्ये जागा मिळाली!

सीझन महिन्यावर आलाय आणि तोवर कुणीही कुठल्याही टीममध्ये जायला मोकळा. माझ्या डावीकडे उभा राहणाऱ्या गॅरीला कॉव्हेंट्रीच्या एका टीमने बोलावलं होतं. तो गेला तर बाकीचेही पांगणार, आणि लाइनच नसेल तर यंदा टीम उतरवायची नाही असं कोचने स्पष्ट सांगितलं होतं. ऑफिसबाहेर या देशात माझी माणसं म्हणावीत अशी एवढीच... घरी येऊन हे सगळं सांगितलं.

माझी बायको मेघना म्हणाली, "जेवायला बोलाव सगळ्यांना. मग काय ते बोल."

आता गंमत बघा. ताटात काही टाकायचं नाही, हे त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलेलं. आणि रिकामं ताट दिसलं की वाढायचं, हे मेघनाला तिच्या आईने! ते बिचारे ताट साफ करत, की ही लगेच गरम पोळी आणि वर तुपाची धार... मैदानात दोन-दोन जणांना रोखणारा गॅरी, पण त्याला पोळी काही रोखता येईना. मी मध्ये पडलो तर मेघना माझ्यावरच डाफरली, "अरे, भुकेली आहेत रे ती माणसं!" शेवटी ताटावर आडवा हात कसा धरायचा, हे मीच त्यांना शिकवलं. या सगळ्यात कॉव्हेंट्रीचा विषय काढायचा राहूनच गेला.

निघताना गॅरी दारात घुटमळला. "मेट, आय मेंट टू टेल यू समथिंग..." एवढंच म्हणाला. तेवढ्यात मेघनाने उरलेल्या पोळ्यांचा स्टीलचा डबा त्याच्या हातात ठेवला. वर हसत बजावलं, "वुई नेव्हर रिटर्न अ डबा एम्प्टी, ओके?"

मी काय ते समजलो. गॅरी गेला असं धरूनच भांडी घासली.

काल प्रॅक्टिसला गॅरी उशिरा आला. काखेत डबा, आत त्याच्या आईने केलेलं ॲपल क्रंबल, म्हणजे सफरचंदाचं गोड. इतकी वर्षं खेळतोय, पण लाइनवाल्यांना कधी कुणी घरी जेवायला बोलावलं नव्हतं म्हणाला. कॉव्हेंट्रीच्या टीमला त्याने 'येत नाही' असं कळवून टाकलं होतं. मग गुपचूप माझ्या डावीकडे येऊन उभा राहिला. मला एकदम भरून आलं... डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून बरं.

घरी आल्यावर मेघनाने डबा घासून पालथा घातला. म्हणे, पुढच्या रविवारी आता आपण भरून द्यायचा... म्हणजे सीझनभर तरी गॅरी कुठे जात नाही!