तज्ज्ञांचं नाव काय?

माझी मोठी बहीण कुसुमताई सकाळी लसूण ठेचत होती. मला वाटलं, चटणी करतेय. "रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात," ती म्हणाली. "पेपरात आलंय, कच्चा लसूण खा आणि गोळ्यांना रामराम करा. तज्ज्ञ सांगतात." मी परोपरीने समजावलं, पण छापलेलं अक्षर खोटं असू शकतं, हे तिला पटेना.

पुढच्याच आठवड्यात ती बेसिनपाशी चक्कर येऊन पडली. दाब इतका चढला होता की डॉक्टरही धास्तावले. थोडक्यात वाचली.

घरी आल्यावर ती पेपर बंद करेल असं मला वाटलं होतं. तिने उलट चष्मा लावला आणि पेपरच्या कचेरीत फोन केला. "त्या लसणीच्या बातमीतल्या तज्ज्ञांचं नाव काय?"

"आजी, अशा बातम्या येतच असतात," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "एवढं मनावर नका घेऊ."

"मनावर नाही हो, माझ्या जिवावर बेतली."

मी तिच्याकडे बघत राहिले. वांगं घेताना देठापासून निरखून पाहणारी ही बाई, बातमी मात्र जन्मभर डोळे मिटून घेत आली. आपण सगळेच तसे. वांगं किडकं निघालं तर फेकता येतं. बातमी पोटात गेल्यावरच कळते.

पलीकडून फोन ठेवला गेला. ताईने तोच नंबर पुन्हा लावला.

"नाव सांगेपर्यंत रोज करणार," ती मला म्हणाली. "नाव नसेल, तर 'आमचं चुकलं' असं छापा म्हणावं. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत."