ओटीचा नारळ

मीटिंग हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या कपाळाची शीर उडते. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, आम्हाला प्रवचन कसं करावं, आजाऱ्याजवळ कसं बसावं, मयताच्या घरी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे सगळं शिकवलं. कमिटीतल्या दोन माणसांना एकाच वेळी एका खोलीत कसं बसवावं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. उमरगा तालुक्यातल्या या ख्रिस्ती मंडळीत माझी बदली झाली आणि पाळकाचं निम्मं आयुष्य त्यातच जातं हे मला कळलं.

आमचं चर्च मुरुम गावाच्या वाटेवर आहे. दगडी भिंती, वर पत्रे, फाटकापाशी एक मोठा लिंब. मी आलो तेव्हा मंडळीची कमिटी दुभंगलेली होती. जुने सेक्रेटरी निवृत्त मास्तर होते आणि निवडणूक हरले होते. नवे सेक्रेटरी खत-बियाणांचं दुकान चालवायचे आणि निवडणूक जिंकले होते. मास्तरांनी पद सोडलं, पण मंडळीचा शिक्का काही सोडला नाही. तो त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा. उपासनेला बसले तरी मधूनच हात लावून तो जागेवर आहे का ते बघायचे. शिक्का मिळाल्याशिवाय मीटिंगला बसायचं नाही असं नव्यांचं म्हणणं, आणि निवडणूकच खोटी असल्यामुळं मीटिंगला बसायचंच नाही असं जुन्यांचं. एक गट आत खुर्च्यांवर आणि दुसरा बाहेर लिंबाखाली मोटरसायकलींवर. मधे मी, हातात अजेंडा घेऊन. थोड्या वेळानं आतला कुणीतरी उठून म्हणायचा, "पाळकसाहेब, कोरम न्हाय." मग सगळे चहा पिऊन घरी. चहा मात्र दोन्ही गट घ्यायचे.

माझ्या पहिल्याच प्रभुभोजनाच्या रविवारी एक गोष्ट माझ्या नजरेत आली. आमच्याकडं अजून पुरुष डाव्या बाजूला आणि बायका उजव्या बाजूला बसतात. आधी पुरुष पुढं येऊन कठड्यापाशी रांगेनं गुडघे टेकतात, भाकर आणि प्याला घेतात, मग बायकांची पाळी. सगळ्या बायका येऊन गेल्या आणि शेवटच्या बाकावर एक म्हातारी तशीच बसून राहिली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. मला वाटलं गुडघे दुखत असतील. मी ताट घेऊन तिच्याकडं निघालो, तर मास्तर मोठ्यानं खाकरले आणि दुकानदारानं दुसऱ्या बाजूनं हातानं नको नको केलं. त्या दोघांचं एकमत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

उपासना संपल्यावर समजलं, म्हातारी शिस्तीखाली आहे. म्हणजे कमिटीनं ठराव करून तिला प्रभुभोजनातून काढलं आहे. तिनं उपासनेला यायचं, गाणी म्हणायची, दान टाकायचं, पण शेवटच्या बाकावर बसायचं आणि भाकरीला हात लावायचा नाही.

कारण विचारलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

ही आजी पूर्वी मिशनच्या दवाखान्यात आया होती. नवरा लवकर गेला, मुलगी आणि जावई अपघातात गेले, आणि नात तिनंच वाढवली. नात नर्स झाली. तिनं तुळजापूरच्या एका कारकून मुलाशी लग्न केलं. मुलगा हिंदू. घर चांगलं, माणसं चांगली. लग्नाला मंडळीची हरकत होती, पण आजी गेली. सासरच्यांनी विधवा म्हणून मागं न ठेवता आजीचा मान केला, ओटी भरली. खण, तांदूळ आणि नारळ. नारळ देवीपुढं ठेवून आणलेला. आजीनं पदर पसरून ओटी घेतली. लेकराच्या घरच्यांनी मान दिला तर घ्यायचा नाही का?

पुढच्याच आठवड्यात आजीच्या घरी प्रार्थनासभा होती. आमच्याकडं घरोघरी अशा सभा होतात आणि सभेनंतर जेवण असतं. आजीनं कोंबडीचं कालवण केलं. माणसं जास्त आली, वाटण कमी पडायला लागलं, म्हणून तिनं तो नारळ फोडला आणि खोबरं वाटून घातलं. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. कमिटीतल्या एकानं तिसऱ्यांदा वाढून घेताना विचारलं, "आजी, रस्सा लई झ्याक झालाय, काय घातलंव?" आणि त्या भाबड्या बाईनं सांगून टाकलं, "तुळजापूरचा नारळ हाय बाबा, नातीच्या सासरचा. देवीफुडं ठिवल्याला."

झालं. जेवण पोटात गेलं आणि विषय कमिटीत आला. तेव्हा कमिटी अजून फुटली नव्हती. मूर्तीला वाहिलेलं खाऊ नये असं बायबलात आहे, आणि आजीनं तेच मंडळीला खाऊ घातलं, असा आरोप. ज्यांनी खाल्लं त्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं म्हणे. त्यावर बराच खल होऊन ठरलं, की त्यांनी नकळत खाल्लं म्हणून त्यांना दोष नाही, आजीनं कळून घातलं म्हणून तिला दोष. तिसऱ्यांदा वाढून घेणाराही ठराव करायला हजर होता. माझ्या आधीच्या पाळकांनी सही केली आणि त्यांची बदली झाली. म्हातारी शेवटच्या बाकावर गेली.

मी तिच्या घरी गेलो. घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं शेणानं सारवलेलं अंगण. मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, "आजी, पाळक मी आहे. मंगळवारी मी भाकर आणि प्याला घेऊन घरी येतो. आजाऱ्यांना देतोच की आपण. कुणाला विचारायची गरज नाही."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी तिला चोरी करायला सांगितली.

"चोरून नगं, पाळकसाहेब. ज्यानी काडलं त्यानीच आत घ्यावं. मेल्यावर तुमी मला पुरणारच हाव, त्येची फिकीर न्हाय. पर जित्तेपनी मला त्या रांगंत बसायचं हाय, सगळ्या बायांसंगं." मग थोडं थांबून म्हणाली, "नात येत न्हाय आता. तिला वाटतं तिच्यापायी मला काडलं. येते म्हणते अन् येत न्हाय. फोनवर रडती नुसती. मला आत घेतलं म्हंजे तिला म्हनता यील, ये बाई, मिटलं."

म्हणजे प्रश्न आजीच्या भाकरीचा नव्हता, नात घरी येण्याचा होता. आणि त्याची चावी माझ्याकडं नव्हती, कमिटीकडं होती. कमिटीचा कोरम होत नव्हता.

मी मास्तरांकडं गेलो. मास्तर म्हणाले, "आमची हरकत न्हाय हो. पण मीटिंग त्या लोकांनी बोलवलेली, तिथं आम्ही बसलो तर निवडणूक मान्य केल्यासारखं होतंय." दुकानदाराकडं गेलो. तो म्हणाला, "आजीला घ्या की, कोण न्हाय म्हणतंय? पर ठरावावर शिक्का लागतो. शिक्का कुठाय?" एकही माणूस विरोधात नव्हता. कुणी विरोध केला असता तर मी भांडलो तरी असतो. सगळे हो म्हणत होते आणि काम तसूभरही पुढं सरकत नव्हतं. मी दोघांच्या नाकदुऱ्या काढल्या. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीटिंगची सूचना टाकली, तर खाली हात जोडल्याची चित्रं आली, गुलाबाची फुलं आली, एकानं सुप्रभात म्हटलं, आणि प्रत्यक्षात पुन्हा आत खुर्च्या आणि बाहेर मोटरसायकली.

त्या काळात मी फार चिडका झालो होतो. आजारी माणसाजवळ प्रार्थना करताना डोक्यात शिक्का असायचा. अणदूरच्या बाजूला एका घरी बारशाला गेलो होतो, तिथं बाळाच्या डोक्यावर हात ठेवून मी आशीर्वाद देत होतो आणि मनात मास्तरांना उत्तरं देत होतो. घरी येऊन बायकोवर ओरडायचो. प्रभुभोजनाची भाकर तीच भाजते आणि प्याल्यासाठी मनुका भिजवून रसही तीच काढते. एकदा मी तिच्यावरच डाफरलो, "कशाला एवढं निगुतीनं करतेस, तिथं माणसं देवाच्या टेबलापाशी येतात ते एकमेकांना बघायला." ती मनुका चोळत राहिली.

मग तो रविवार आला. पुरुषांची रांग झाली. मास्तर एका टोकाला, दुकानदार दुसऱ्या टोकाला, दोघांनी डोळे मिटून भक्तिभावानं भाकर घेतली. मी बायकांच्या बाजूला वळलो. आमच्या रिवाजाप्रमाणं बायकांत पाळकीणबाई, म्हणजे माझी बायको, सगळ्यांच्या आधी उठते. ती उठलीच नाही.

मला वाटलं तिला बरं नाही. मी हातानं खूण केली. ती सरळ समोर बघत बसून राहिली. तिच्या मागच्या बाकावर मास्तरांची बायको, तीही बसलेली. दुकानदाराची बायको आणि तिच्या सुना, त्याही बसलेल्या. एकीनंही मान वर केली नाही. उजव्या बाजूच्या सगळ्या बायकांनी हात मांडीवर ठेवले होते, आजी ठेवायची तसेच. मी हातात ताट घेऊन उभा. कुणीतरी लेकरू रडलं, त्याला कुणी गप्प केलं नाही.

मला घरी एक शब्द बोलली नव्हती ती. नंतर विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मीटिंग बोलवली असती."

आठवडा संपायच्या आत मीटिंग झाली. सगळे आत. लिंबाखाली एकही गाडी नव्हती. घरोघरी काय झालं ते मी विचारलं नाही, पण मास्तरांनी आपण होऊन खिशातला शिक्का काढला, टेबलावर ठेवला, आणि आजीला परत घेण्याचा ठराव झाल्यावर परत खिशात घातला. दुकानदारानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पुढच्या प्रभुभोजनाला आजी पुढं आली. तिला गुडघे टेकता येईनात, तेव्हा मास्तरांच्या बायकोनं एका बाजूनं आणि माझ्या बायकोनं दुसऱ्या बाजूनं धरलं. मी तिच्या हातावर भाकर ठेवली.

इथं हे संपायला हवं होतं. पण आमच्यावर एक वरचं ऑफिस आहे, सगळ्या मंडळ्यांचा कारभार बघणारं. तिथून फोन आला. साहेब गोड बोलत होते. म्हणाले, तुमच्या मंडळीतून तक्रार आली आहे. निवडणुकीचा वाद सुटलेला नसल्यामुळं ती कमिटीच कायद्यानं अस्तित्वात नाही. तेव्हा तिनं केलेले ठराव रद्द धरावे लागतील.

"म्हणजे त्या आजी?"

"तांत्रिकदृष्ट्या शिस्तीखालीच. तुम्ही त्यांना समजावून सांगा. आणि काय केलं ते आम्हाला कळवा."

मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ स्वतःशीच बडबडत अंगणात फिरलो. तक्रार कुणी केली ते मी विचारलं नाही. कळलं असतं तर मी पाळक राहिलो नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकल काढली आणि आजीकडं गेलो. वाटेत शब्द जुळवत होतो, एकही जुळत नव्हता. दारात एक स्कूटी उभी होती. आत चुलीपाशी आजी आणि तिच्या शेजारी हिरव्या साडीतली एक तरुण बाई. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू. आजी म्हणाली, "ही माझी नात. काल आली. ऱ्हाणार हाय दोन दिस."

मी खाटेवर बसलो.  आजीनं भाकरी थापता थापता माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "फोन आल्ता म्हणं वरून. मला मास्तरीणबाईनं सांगितलं. परत काडलं व्हय मला?"

मी मान हलवली. नातीच्या हातातलं भांडं थांबलं.

आजी हसायला लागली. दात नसलेलं तोंड उघडून, अगदी पोटातून. "आता कसं काडत्यात? भाकर गिळली की म्या!"

नात मात्र हसली नाही. तिनं माझ्यासाठी ताट केलं. गरम भाकरी, कांदा आणि लसूण घालून वाटलेली खोबऱ्याची चटणी. ताट माझ्या पुढ्यात ठेवलं, पण हात काढून घेतला नाही. खाली बघतच म्हणाली,

"पाळकसाहेब, आधी सांगते. चटणीतला नारळ ओटीचा आहे. सासूबाईंनी आजीसाठी दिलाय, देवीपुढं ठेवून. तुम्हाला नको असेल तर दुसरं काहीतरी करते."

आजीचा हात तव्यावर थांबला. दोघीही माझ्याकडं बघत होत्या.

मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. मग ताट पुढं केलं.

"वाढ अजून," मी म्हणालो.