नदीकाठी दोनदा पढलेली नमाज

त्या दिवसांत दुआ मागायलाही मन घेत नव्हतं. मी मूळचा रत्नागिरीकडचा, कुवेतमध्ये तेल कंपनीत कारकून. एकोणीसशे साठच्या सुमारास कंपनीने मला ट्रेनिंगसाठी इंग्लंडमधल्या एका खेड्यात पाठवलं, आणि तिकडे कुवेतमध्ये गरोदर बायकोला आठव्या महिन्यातच इस्पितळात ठेवावं लागलं. तिच्याजवळ माझा मेहुणा होता. डॉक्टर काळजीत आहेत, एवढंच त्याने कळवलं होतं. अल्ला ऐकतो तरी का, असं मनात येई आणि माझी मलाच लाज वाटे.

शनिवारी खोलीत जीव रमेना, म्हणून घरमालकीणबाईंना सांगून नदीकाठच्या पायवाटेने निघालो. कुवेतमध्ये पाणी टँकरने येतं. इथे एवढं गोडं पाणी उगाच वाहून जाताना पाहून मला हळहळच वाटली. दुपारी पुलाशी पोचलो. तिथून बस धरायची आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या गावात भटकायचं, असा बेत होता. त्याआधी गवतावर रुमाल अंथरून नमाज पढून घेतली.

शेवटचा सलाम फेरून नमाज संपवल्यावर ध्यानात आलं, मी पश्चिमेला तोंड करून उभा होतो! गावी मक्का पश्चिमेला, म्हणून लहानपणापासून समुद्राकडे तोंड करून पढायची सवय; कुवेतमध्ये मशिदीत दिशा ठरलेलीच असे, तिने सांभाळून घेतलं. इथून मात्र मक्का आग्नेयेला, कुवेतही तिकडेच. नेमकी आजच दोन्हींकडे पाठ केली, म्हणून रडू कोसळलं. वळून पुन्हा उभा राहिलो, तेवढ्यात बस निघून गेली. भर नमाजेत मी मनातून चरफडलो, हे कबूल करतो.

दुसरा सलाम फेरतोय तोच पायवाटेने एक पोस्टमन सायकल दामटत आला. बाईंनी त्याला वाट सांगितली होती. तार मेहुण्याची होती : आजच ऑपरेशन करायचं, नवऱ्याची परवानगी ताबडतोब कळव.

मी ती तार पोस्टमनपुढे धरली. "उत्तर पाठवायचंय ना? मग मागे बसा," तो म्हणाला. "पोस्ट बंद व्हायला अर्धा तास आहे. तुम्ही इथे दिसला नसतात, तर मी परतच फिरणार होतो."

त्या अनोळखी माणसाने मला खड्ड्याखळग्यांतून वेळेत पोचवलं. दुसऱ्या दिवशी तार आली : मुलगी झाली, दोघी सुखरूप.

परतल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती हसून म्हणाली, "तुमी चुकलाव ता बरा झाला."

नीट, बिनचूक उभं राहिलं तरच दुआ पोचते, असं मला वाटायचं. त्या दिवशी मी धड उभाही नव्हतो, आणि अल्लाने त्या चुकीनेच मला तार येईपर्यंत तिथे थांबवून धरलं.