खात्यावरची इंदू

नोकरीत मी मुडदे पाहिले, पंचनामे केले आणि घरी येऊन शांत झोपलो. माझी झोप उडवली ती एका हाकेने. आजही तिन्हीसांजेला कोणी लांबून कोणाला बोलावलं की मी आधी मागे वळून बघतो. पुढची नावं अर्थातच बदललेली आहेत.

निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. सिन्नरजवळच्या औद्योगिक वसाहतीतलं ठाणं माझ्याकडे होतं. तिथली कामं ठरलेली. शिफ्ट सुटली की मोटारसायकलींच्या धडका, पगार झाला की दारूची भांडणं, सुट्टीच्या दिवशी भंगारचोर. एके सकाळी गावचे तलाठी आणि बँकेतला एक क्लार्क समोर येऊन बसले. दोघे चहाला हात लावेनात.

"साहेब, ही तक्रार आहे की नाही तेच कळत नाही," तलाठी म्हणाले. "पण मन खातंय, म्हणून आलो."

वसाहतीला लागून सुशीलाबाई नावाची सत्तरी ओलांडलेली विधवा एकटी राहायची. मूलबाळ नाही. जमीन वसाहतीत गेली होती आणि तिचे पैसे नवऱ्याच्या आजारपणात संपले होते. खुरपणीला जाण्याइतकी ताकद राहिली नाही, तेव्हा तिने सरकारी निराधार पेन्शनसाठी अर्ज केला. उत्पन्न नाही, बचत नाही, घरात दुसरं कोणी नाही, असं लिहून दिलं. ती पेन्शन मिळाली तरच तिची चूल पेटणार होती. पैसे जमा व्हायला खातं हवं, म्हणून ती बँकेत गेली. क्लार्ककडे तेव्हा वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या खात्यांचे मालक शोधण्याचं काम होतं. तिचा पत्ता ऐकून तो सहज म्हणाला, "आजी, तुमच्या घरात इंदू कोण?"

"काय सांगू साहेब," क्लार्क मला म्हणाला, "म्हातारी पांढरीफटक पडली. 'अशी कोणी नाय' म्हणाली आणि चपला तिथेच टाकून निघून गेली."

इंदू लहान असताना तिच्या वडिलांनी तिच्या नावावर पैसे ठेवले होते. पत्ता हाच. पुढे त्या खात्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. तलाठ्यांनी गावच्या शाळेत चौकशी केली, तिथे इंदूचं नाव सापडलं. त्यानंतर मात्र काहीच नाही. लग्नं त्या काळी कोणी नोंदवत नसे म्हणा, पण तिच्या मृत्यूचीही नोंद नव्हती. जुनी माणसं जमिनी गेल्यावर पांगलेली, त्यामुळे विचारायचं कोणाला?

"आणि शेजारीण म्हणते," तलाठ्यांनी आवाज खाली आणला, "पोरगी अजून घरात आहे."

शेजारीण येवल्याकडची. नवरा कारखान्यात, राहायला भाड्याची खोली. तिचा जबाब मी स्वतः घेतला.

"रोज दिवे लागायला आजीच्या घरातून हाक येती, 'इंदे, ए इंदे'. आन् मंग पोरीचा आवाज येतो, ओ म्हणून. मी डोकावून पाहिलं साहेब. आजीबिगर कोणी नाय. लेकरं लय भेत्यात."

असल्या गोष्टी मी खूप ऐकल्या होत्या. बहुतेक वेळा मागे शेजाऱ्यांची भांडणं असतात. तरी त्या संध्याकाळी साध्या कपड्यांत, महिला हवालदाराला घेऊन मी त्या घरामागे उभा राहिलो. अंधारून आलं आणि आतून हाक आली. जाड, लांबवलेली, बाप्यामाणसासारखी. "इंदे... ए इंदे..." मग एक कोवळा आवाज म्हणाला, "ओ."

दार ढकलून आत गेलो. एकच खोली. चूल, खाट, देवाचा कोनाडा. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुसरं कोणीही नव्हतं.

वयस्कर बाईला चौकशीसाठी ठाण्यात नेता येत नाही, तिच्या घरीच विचारावं लागतं. महिला हवालदार तिच्याशेजारी बसली. मी उंबऱ्याशी.

"आजी, इंदू कोण?"

"त्ये नाव घेऊ नका, साहेब."

"या घरात राहायची ना?"

"राहायची."

"मग गेली कुठे?"

ती सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिली. "सासूबाई म्हणल्या, इंदी मेली. मंग मेलीच."

यापुढे तिने तोंड उघडलं नाही. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. ही गप्प होती, आणि मला त्याचीच भीती वाटली. एक लहान पोर, तिच्या नावावर पैसा, आणि पुढे मागमूस नाही. ठाण्यात परतल्यावर तिच्या घरातली जमीन खणण्याच्या परवानगीसाठी तहसीलदारांना पत्र तयार केलं. ते गेलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता आणि म्हातारीची पेन्शन कायमची अडकली असती. मला हे दिसत होतं, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

सकाळी नाशिकच्या घरून निघताना मेव्हण्याचा फोन आला. बायको पोळ्या करत होती, म्हणून तिने स्पीकर लावला. पलीकडून त्याने तिला माहेरच्या नावाने हाक मारली आणि ती म्हणाली, "ओ!"

तो आवाज माझ्या बायकोचा नव्हता. हलका, अल्लड, परकर नेसणाऱ्या पोरीचा. मी चहाचा कप खाली ठेवला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव मीच लिहिलं होतं.

पत्र खिशात घालून मी थेट गावात गेलो. सुशीलाबाई माझ्याकडे पाठ करून अंगणात धान्य पाखडत होती. ऐकली होती तशीच, लांबवून मी हाक मारली. "इंदे... ए इंदे..."

"ओ," ती म्हणाली. तोच कोवळा आवाज. सूप हातातून पडलं. वळून तिने मला पाहिलं आणि खाली बसून ढसाढसा रडली.

तिची आई लवकर गेली. वडील ओझरला कारखान्यात, म्हणून त्यांनी पोरीला आपल्या बहिणीकडे, याच घरात ठेवलं. मग तेही गेले. आत्याने तिला आपल्या मुलासाठी सून करून घेतलं. आमच्याकडे यात नवल नाही. पण या नावाने आईबाप खाल्ले, असं म्हणून लग्नात आत्याने ते नावच काढून टाकलं. वर बजावलं, इंदी मेली. त्या नावाने हाक आली तर ओ देऊ नकोस, ती हाक माणसाची नसते. बापाने बोट धरून बँकेत नेलेलं तिला पुसटसं आठवत होतं, पैशाचं मात्र काही ठाऊक नव्हतं.

"मग रोज हाक कोण मारतं?"

"मीच. बा मारायचा तशी." तिने पदराने तोंड पुसलं. "समदे गेले साहेब. त्या नावानं बोलावणारं कोणी उरलं नाय. बँकेत त्या पोरानं नाव घेतलं, तवा वाटलं, आलं बोलावणं."

पत्र मी तिथेच फाडलं. पण घोळ संपला नव्हता. बँकेला इंदू हवी होती, तहसीलला सुशीलाबाई, आणि दोघी एकच हे सांगणारा माणूस जिवंत नव्हता. मग मी तिचा रीतसर जबाब घेतला आणि वर लिहिलं, 'सुशीलाबाई ऊर्फ इंदू'. ऊर्फ आम्ही गुंडांना लावतो. त्या बाईने तो शब्द मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला. शाळेच्या दाखल्याबरोबर बँकेने तो जबाब ग्राह्य धरला. रक्कम काही फार मोठी नव्हती. तहसीलदारांनी नियम पाहून पेन्शन मंजूर केली, आणि बापाच्या पैशातून तिने घरावरचे गळके पत्रे बदलले.

त्यानंतर ठाण्यात कोणत्याही बाईचा जबाब असला तरी मी आधी माहेरचं नाव विचारत असे. एक अख्खी मुलगी त्याच घरात, सगळ्यांच्या देखत नाहीशी होते आणि हरवल्याची तक्रार द्यायला कोणी येत नाही. माझ्या घरातही तेच झालं होतं, आणि अक्षता टाकायला तीनशे माणसं होती.

जबाब घेऊन गावातून निघताना मी शेजारणीला एवढंच सांगितलं होतं, की संध्याकाळी आता तुम्हीच हाक मारत जा. तिने ते मनापासून पाळलं. गेल्या वर्षी तिचाच फोन आला. आजी झोपेतच गेली होती.

"दिवस घालून झाले," ती म्हणाली. "घराला कुलूप हाय. पण सवय लागली ना साहेब, दिवे लागायला तोंडातून हाक जातीच. अजून."

मग मी काहीतरी विचारावं म्हणून ती थांबली. आयुष्यभर मी पुढचा प्रश्न विचारण्याचा पगार घेतला. त्या हाकेला कोणी ओ देतं का, हा प्रश्न मात्र मी विचारला नाही. फोन ठेवला आणि उठून घरातले सगळे दिवे लावले.